एका गाडीचे दोन ब्रेक पॅड

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की एक किलोमीटरहून थोडा लांब सरळ पट्टा लागतो. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या गाड्या इथे धावल्या. ट्रॅक डेला हौशी चालक आपापल्या गाड्या घेऊन येतात, मुंबई-पुण्याहूनही येतात. बीएमडब्ल्यू एम२सारखी, चालकासह १,६०० किलोच्या आसपास भरणारी गाडी समजा त्या पट्ट्याच्या शेवटी ताशी २१० किलोमीटरने पोहोचली आणि चौथ्या वळणासाठी तिला ८०वर आणायचं आहे. चालक चांगला असेल, टायर चांगले असतील, तर हे काम चार सेकंदांच्या आत होतं. तेवढ्या वेळात सुमारे २.३ मेगाजूल ऊर्जा गाडीतून काढून घ्यावी लागते. सात लिटर गार पाण्याला उकळी आणायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी ही झाली. हवेचा रोध थोडा हातभार लावतो, बाकी सगळा भार ब्रेकवर.

हाच हिशेब शक्तीच्या भाषेत मांडला तर सरासरी ६०० किलोवॉटच्या पुढे जातो, म्हणजे आठशेहून जास्त अश्वशक्ती. पहिल्या पिढीच्या मूळ एम२चं इंजिन होतं ३७० अश्वशक्तीचं. गाडीतलं सर्वांत ताकदवान यंत्र कोणतं, असं विचारलं तर बहुतेकजण बॉनेटकडे बोट दाखवतील. खरं उत्तर चाकांच्या आत आहे. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. प्रत्येक डिस्कचं घासलं जाणारं लोखंड दहा किलोच्या घरात धरलं, तर त्या एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सुमारे दीडशे अंशांनी चढतं. ते उतरायच्या आत पुढचं वळण येतं, मग त्याच्या पुढचं. चौथ्या-पाचव्या फेरीत डिस्क पाचशे-सहाशे अंश सेल्सियसला टेकलेली असते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पॅडचा पृष्ठभाग त्याहून तापलेला असतो.

आता खंडाळ्याचा घाट घ्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली त्याच्या पाचशेहून जास्त मीटर खाली. तीच १,६०० किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा सुमारे ८ मेगाजूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ट्रॅकवरच्या एका ब्रेकिंगच्या जवळपास साडेतीनपट. पण घाट उतरायला पंधरा मिनिटं लागली, तर सरासरी शक्ती जेमतेम ९ किलोवॉट निघते आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातलाही मोठा भाग इंजिनच खातं. घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडून सतत पेडलवर पाय ठेवणाऱ्यांचे ब्रेक जळतात ते याच कारणाने: उष्णता थोडी थोडीच येत असते, पण डिस्कला गार व्हायला उसंत मिळत नाही. ट्रॅकवर याच्या उलट आहे. दोन वळणांच्या मध्ये थोडी उसंत असते, पण एकेका वेळची उष्णता प्रचंड. एकूण उष्णता किती यापेक्षा ती किती वेळात येते यावर पॅडचं भवितव्य ठरतं. त्यामुळे घाटात आयुष्यभर इमानाने साथ देणारा पॅड ट्रॅकवर वीस मिनिटांत हात टेकतो, यात त्या पॅडचा काही दोष नसतो.

पॅडच्या आत काय असतं ते पाहिलं की हे नीट समजतं. लोखंडी पाठपट्टीवर चिकटवलेला तो काळपट ठोकळा एकजिनसी दिसतो, पण त्यात दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त घटक असतात. पोलादाचे किंवा अॅरामिडचे तंतू त्याला बळकटी देतात. अॅल्युमिना, झिर्कॉन यांसारखी कठीण पूड पकड वाढवते. ग्रॅफाइट आणि धातूंची सल्फाइडं घर्षण आटोक्यात ठेवतात, म्हणजे पॅड डिस्कला ओरबाडत नाही. बेराइट्ससारखं भरण असतं. आणि हे सगळं एकत्र बांधून ठेवतं ते फिनॉलिक रेझिन.

यातला एक घटक कोकणाला आणि गोव्याला चांगलाच ओळखीचा आहे: काजू. काजूबीच्या टरफलात जे तेल असतं, हाताला लागलं तर कातडी सोलवटून काढणारं, त्यापासून एक रेझिन बनतं. ते घट्ट करून दळलं की तयार होणारी भुकटी जगभरच्या ब्रेक पॅडमध्ये आणि ड्रम ब्रेकच्या लायनरमध्ये घातली जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या झाडाचं टरफल आज गाड्यांच्या चाकांत काम करतं, ही मला या सगळ्या विषयातली फार सुंदर गोष्ट वाटते. काजूच्या भुकटीमुळे पॅड थोडा मऊ राहतो, थंड असतानाही चांगला पकडतो, आवाज कमी करतो. रोजच्या रस्त्यासाठी हे गुण सोन्यासारखे. पण ती भुकटी आणि ते रेझिन दोन्ही शेवटी सेंद्रिय पदार्थ. तापमान साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे गेलं की ते विघटित होऊ लागतात, त्यातून वायू सुटतात, पॅड आणि डिस्क यांच्या मधली पकड सुटते. चालक पेडल जोरात दाबतो, पेडल कडकच लागतं, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. यालाच पॅडचा फेड म्हणतात.

पॅडमध्ये इतके घटक आले कसे, यामागे इतिहास आहे. ब्रेकच्या लायनरवर पद्धतशीर काम सुरू झालं ते इंग्लंडमध्ये. डर्बीशरमधल्या हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अधिक चांगला पदार्थ शोधायला सुरुवात केली आणि त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. पुढे कित्येक दशकं लायनर म्हणजे अॅस्बेस्टॉस असं समीकरण होतं. उष्णतेला तो उत्तम टिकायचा, पण त्याच्या धुळीने माणसांची फुप्फुसं गेली. त्याची जागा घेणारा एकच पदार्थ कधी सापडला नाही, म्हणून आजचे पॅड इतक्या घटकांचं मिश्रण झाले. डिस्क ब्रेकचा दबदबा निर्माण झाला तो १९५३ साली, जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या बळावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. ड्रम ब्रेकच्या गाड्या वळणाच्या कितीतरी आधी वेग उतरवत होत्या आणि जॅग्वार त्यांच्या पुढे जाऊन ब्रेक मारत होती.

पॅड डिस्कला नुसता घासून गाडी थांबवतो, हा समज अर्धाच खरा आहे. घासणं हा एक भाग. दुसरा भाग असा की तापलेल्या पॅडमधला पदार्थ डिस्कवर अतिशय पातळ थराच्या रूपात बसतो आणि मग पॅड त्या आपल्याच पदार्थाच्या थराशी झटत राहतो. बंध जुळतात आणि तुटतात, त्यातून घर्षण मिळतं. रस्त्याच्या तापमानाला घासण्याचा वाटा मोठा असतो, ट्रॅकच्या तापमानाला या थराचा. म्हणून नवा पॅड बसवल्यावर तो थर नीट बसवून घ्यावा लागतो. मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा ब्रेक मारायचा, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही. मग थोड्या जास्त वेगावरून काही वेळा जोरात. आणि शेवटी ब्रेकला हात न लावता गाडी चालवत सगळं गार होऊ द्यायचं. रेसिंग पॅडचं हे काम सार्वजनिक रस्त्यावर करूच नये. तेवढी उष्णता आणायला लागणारा वेग तिथे कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. ट्रॅकच्या पहिल्या सत्राची पहिली काही मिनिटं त्यासाठी राखून ठेवावीत.

हा थर असमान बसला तर काय होतं, ते अनेकांनी अनुभवलेलं असतं. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, गॅरेजमध्ये "डिस्क वाकली" असं निदान होतं, डिस्क बदलली जाते. फोर्डच्या जीटी४० मोहिमेत काम केलेले अमेरिकी रेस इंजिनिअर कॅरल स्मिथ यांनी या समजुतीवर एक गाजलेलं टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की वाकलेली म्हणून दाखवली जाणारी डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. तिच्यावर पॅडचा पदार्थ कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. जाड जागा जास्त तापते. ती साडेसहाशे अंशांच्या पुढे गेली की तिथल्या बिडाची घडणच बदलते, सिमेंटाइट नावाचं कठीण रूप तयार होतं आणि ते डिस्कच्या आत खोलवर उतरतं. मग वरवर घासून काही उपयोग होत नाही. याची सुरुवात बहुधा एका साध्या चुकीतून होते: तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवणं. पॅडचा ठसा डिस्कवर तिथल्या तिथे उमटतो.

आता निवडीकडे. दुकानात पॅड निवडताना लोक विचारतात, "पकड किती?" पकडीचा आकडा म्हणजे घर्षण गुणांक. रस्त्यावरच्या मूळ पॅडचा तो साधारण ०.३५ ते ०.४२ असतो, रेसिंग पॅडचा ०.५च्या आसपास किंवा त्याच्याही वर. अनेक पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ किंवा जीजी अशी. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, पहिलं अक्षर सौम्य तापमानासाठी, दुसरं जास्त तापमानासाठी. ही अमेरिकी पद्धत वाचायला सोपी आहे, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. पण ही चाचणी पॅडच्या इंचभर तुकड्यावर होते आणि तिचं सर्वोच्च तापमान आहे सुमारे ३४३ अंश. म्हणजे ट्रॅकवर पॅडची खरी परीक्षा जिथे सुरू होते, त्याच्या आधीच ही चाचणी संपलेली असते. दोन पॅडवर एकच अक्षरं असतील, तरी पाचशे अंशांवर एक ठामपणे पकडत असेल आणि दुसरा धूर काढत असेल.

म्हणून आकड्यापेक्षा आलेख पाहायचा. चांगल्या कंपन्या घर्षण विरुद्ध तापमान असा आलेख देतात. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. रेषा कोणत्या तापमानापासून कोणत्या तापमानापर्यंत सपाट आहे. थंड टोकाला ती किती खाली आहे. आणि गरम टोकाला ती हळूहळू उतरते की एकदम कोसळते. सपाट रेषेचा पॅड पकडीत थोडा कमी असला तरी मी तोच घेईन. पेडलवर एवढा दाब दिला की एवढा वेग उतरतो, हे गणित पहिल्या फेरीला आणि दहाव्या फेरीला सारखं राहिलं, तरच चालक वळणाकडे लक्ष देऊ शकतो. रेषा वरखाली करत असेल तर प्रत्येक वळणाला अंदाज नव्याने बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला की पुढे वाळू किंवा टायरची भिंत.

थंड टोकाची गोष्ट मात्र ट्रॅकवरच्या गप्पांत मागे पडते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जुलैतली सकाळ, पाऊस पडतोय, गाडी रात्रभर उभी होती. सोसायटीच्या गेटबाहेर पडून दोनशे मीटर गेलात आणि समोर शाळेला निघालेलं मूल सायकलवरून आडवं आलं. त्या क्षणी डिस्क पंचवीस अंशांवर आहे आणि ओली आहे. खरा रेसिंग पॅड या तापमानाला काय करतो? काही अगदी थोडं पकडतात. काही पकडतात, पण आवाज करत आणि डिस्क ओरबाडत. थंड असताना ते डिस्क जितकी झिजवतात तितकी गरम असताना झिजवत नाहीत. फॉर्म्युला वनच्या कार्बन ब्रेकचं उदाहरण टोकाचं आहे: काही शे अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते धड कामच करत नाहीत. आपल्या लोखंडी डिस्कवरचे रेसिंग पॅड इतके हट्टी नसतात, पण दिशा तीच. ट्रॅकवर पहिल्या ब्रेकच्या आधी गरम करायला एक फेरी मिळते. रस्त्यावर पहिला ब्रेकच खरा ब्रेक असतो.

मग दोन्हीकडे चालणारा एकच पॅड नाही का? विकणारे "आहे" म्हणतात. मधल्या वर्गाचे पॅड खरोखरच असतात. फेरोडोचा डीएस२५०० हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं उदाहरण. थंड असतानाही तो बरा पकडतो आणि चारशे-पाचशे अंशांपर्यंत तग धरतो. हलकी गाडी, साधे रस्त्याचे टायर, वर्षातून एखादा ट्रॅक डे, पंधरा मिनिटांची सत्रं, शिकाऊ वेग, इतकं सगळं जुळत असेल तर असा पॅड घ्यावा आणि निश्चिंत राहावं. हजार-अकराशे किलोच्या माझ्दा एमएक्स-५मध्ये तो बऱ्याच चालकांना पुरून उरतो. पण गाडी जड झाली, ताकद वाढली, चालकाचा हात बसला, की तोच पॅड तोकडा पडायला लागतो. आणि टायर विसरू नका. जास्त चिकट टायर घातले की जास्त जोरात ब्रेक मारता येतो, म्हणजे तेवढी जास्त उष्णता तेवढ्याच पॅडवर येते. पॅड काल पुरत होता आणि आज पुरत नाही, अशी तक्रार आली की मी आधी टायर बदललेत का ते विचारतो.

दीड टनाच्या ताकदवान गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: दोन संच ठेवावेत. रस्त्यासाठी कंपनीचा मूळ पॅड किंवा त्याच्या तोडीचा. ट्रॅकसाठी खरा ट्रॅकचा, म्हणजे पॅजिडचा आरएस२९ किंवा त्या जातीचा, लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी घडवलेला, सपाट आलेखाचा. पुढे चार किंवा सहा पिस्टनचे स्थिर कॅलिपर (पॅड दाबून धरणारे चिमटे) असलेल्या अनेक गाड्यांत पॅड वरून निघतात, कॅलिपर सोडावा लागत नाही. हात बसला की दोन्ही पुढच्या चाकांचं काम तासाभरात होतं. सरकत्या कॅलिपरच्या गाडीत थोडा जास्त वेळ लागतो आणि सरकपिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावावं लागतं, नाहीतर पॅड तिरका झिजतो. खर्चाचा मुद्दा येतोच. पण ट्रॅकचा पॅड रस्त्यावर वापरून डिस्क झिजवायची आणि रस्त्याचा पॅड ट्रॅकवर जाळायचा, यात दोन संचांपेक्षा जास्त पैसे जातात.

दोन संच ठेवताना एक पथ्य पाळावं लागतं. एका मिश्रणाचा थर डिस्कवर बसलेला असताना वेगळ्याच मिश्रणाचा पॅड त्यावर चालवला, तर थर असमान होऊन थरथर सुरू होऊ शकते. काही कंपन्या आपले रस्त्याचे आणि ट्रॅकचे पॅड एकमेकांच्या थरावर चालतील असे घडवतात. शक्य असेल तर एकाच कंपनीच्या अशा जोडीला प्राधान्य द्यावं. जोडी तशी नसेल, तर पॅड बदलल्यावर थर पुन्हा बसवून घ्यावा. नेमाने ट्रॅकवर जाणारे काहीजण पॅडबरोबर डिस्कचाही वेगळा संच ठेवतात. ज्याला परवडतं त्याने जरूर करावं.

आपल्या गाडीला नेमका किती तापमानाचा पॅड लागतो, हे दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये, मोजावं. त्यासाठी डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचे उष्णतादर्शक रंग मिळतात. एपी रेसिंगच्या संचातला हिरवा ४३० अंशांना पालटतो, नारिंगी ५६०ला, लाल ६१०ला. सत्र संपल्यावर चाकातून डोकावलं की कळतं. फक्त हिरवा पालटला असेल तर मधल्या वर्गाचा पॅड पुरेल. नारिंगीही गेला असेल तर खरा ट्रॅक पॅड हवा. लालही गेला असेल तर पॅडच्या पुढे जाऊन हवा खेळवण्याचा विचार करायला हवा, म्हणजे पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत नळी. कॅलिपरवर चिकटवायच्या तापमानाच्या पट्ट्याही असतात. एवढ्या थोड्या खर्चात एवढी खरी माहिती देणारी दुसरी वस्तू या सगळ्या खटाटोपात नाही.

पॅडच्याही आधी ज्यावर पैसे घालावेत अशी एक गोष्ट आहे, ब्रेक ऑइल. गॅरेजमध्ये त्याला ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे; ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि तो हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो आणि पाणी मुरल्यावर किमान १५५. हा फरक कल्याण-रत्नागिरीच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षं न बदललेल्या गाडीत प्रत्यक्ष उतरतो. ट्रॅकवर पॅडमधून पिस्टनकडे आलेली उष्णता त्या द्रवाला उकळवते, वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून थेट तळाला जातं. फेडचे हे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड हरला. पेडल मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे द्रव उकळला. दुसऱ्या तक्रारीवर महाग पॅड घालणारे लोक आहेत, आणि त्यांची तक्रार अर्थातच जात नाही. मोटुल आरबीएफ ६००सारख्या रेसिंग द्रवाचा ताजा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. तो भरावा, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत वर्षातून किमान एकदा बदलावा आणि प्रत्येक ट्रॅक डेआधी कॅलिपरमधला थोडा जुना द्रव काढून टाकावा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचा असतो, नावावरून फसून तो यात मिसळू नये. डॉट ५.१ वेगळा, तो ग्लायकॉलचाच.

पुढे जहाल पॅड आणि मागे मूळचा, किंवा उलट, असं करताना सावध राहावं. कारखान्यात पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल आणि एबीएसचं गणित मूळ पॅड धरून बसवलेलं असतं. मागे पुढच्यापेक्षा जास्त पकडणारा पॅड घातला तर वळणात शिरताना ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी सुटू पाहतात. शंका असेल तेव्हा चारही चाकांना एकाच कुळातले पॅड घ्यावेत, मागचे तेवढेच किंवा एक पायरी सौम्य.

कार्बन-सिरॅमिक डिस्क असलेल्या महाग गाड्यांचं प्रकरण निराळं. त्यांना त्यांच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात. बाजारात "सिरॅमिक पॅड" म्हणून जे मिळतात ते साध्या बिडाच्या डिस्कसाठी असतात, कमी धूळ आणि कमी आवाज हे त्यांचं वैशिष्ट्य. ट्रॅकशी किंवा त्या महाग डिस्कशी त्यांचा संबंध नाही. जाळीसारखी भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या, पण ट्रॅकवर त्या भोकांच्या कडांपासून तडे जातात. साध्या किंवा खाचा पाडलेल्या डिस्क बऱ्या.

ट्रॅक पॅड रस्त्यावर किंचाळतो, धूळ टाकतो. किंचाळी म्हणजे पॅड आणि डिस्क यांची वरच्या पट्टीतली कंपनं. पॅडच्या कडा उतरत्या घासून आणि मागे शिम लावून ती थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. धुळीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. चाकांवर ती ओली राहिली की गंजते आणि रंगात रुतून बसते. त्यातल्या तांब्याचा प्रश्न वेगळाच निघाला. तांबं उष्णता छान वाहून नेतं म्हणून पॅडमध्ये वर्षानुवर्षं घातलं जात होतं, पण रस्त्यावर पडलेली धूळ पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत जाते आणि तांबं जलचरांना घातक ठरतं. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० मध्ये यावर कायदे केले; कॅलिफोर्नियात २०२५पासून नव्या पॅडमध्ये तांबं अर्ध्या टक्क्याहून जास्त चालत नाही. रसायनतज्ज्ञांना अनेक मिश्रणं पुन्हा घडवावी लागली, म्हणून पूर्वी आवडलेला पॅड त्याच नावाने घेतला तरी तो आतून बदललेला असू शकतो. युरोपात सुट्या पॅडला आर९० ही मान्यता लागते. त्यासाठी पॅडची कामगिरी मूळ पॅडपासून ठरावीक मर्यादेतच वेगळी असावी लागते. रेसिंग पॅड बहुधा या मान्यतेशिवाय विकले जातात, म्हणून जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी नुर्बुर्गरिंगला जाण्याआधी हे तपासावं. तिथे पर्यटकांसाठी खुला असलेला जुना ट्रॅक वीस किलोमीटरहून लांब आहे, आणि ट्रॅकपर्यंत गाडी बहुधा सार्वजनिक रस्त्यानेच न्यायची असते.

जाडीचा नियम रस्त्याचा वेगळा, ट्रॅकचा वेगळा. रस्त्यावर तीन मिलिमीटर उरेपर्यंत पॅड वापरला तरी बहुधा चालतं. ट्रॅकवर पॅड अर्धा झाला की मी तो बाजूला काढतो. पॅडचा पदार्थच डिस्कची उष्णता पिस्टनपासून दूर ठेवत असतो; तो पातळ झाला की द्रव लवकर उकळतो, आणि पातळ पॅड झिजतोही जास्त वेगाने. जड गाडीत जोरात चालवलं तर एका दिवसात निम्मा पॅड संपणं नवलाचं नाही. म्हणून सकाळी निघताना उरलेली जाडी मोजावी आणि सुटा संच गाडीत ठेवावा.

सत्र संपत आलं की शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो न शिवता, मध्यम वेगाने मारावी, म्हणजे वाहत्या हवेने डिस्क गार होते. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला लाकडी ठोकळा लावावा. पेडलवरचा पाय काढावा, दर दोन-तीन मिनिटांनी गाडी फूटभर पुढे सरकवली तर आणखी उत्तम. परतीच्या प्रवासाआधी, तिथेच, रस्त्याचे पॅड परत घालावेत. दिवसभर ट्रॅकवर चालवून दमलेला माणूस रात्री हायवेला लागतो, तेव्हा त्याला थंड ब्रेकवर भरवसा लागतो. घरी आल्यावर चाकं धुवावीत, डिस्कवर केसासारखे तडे आहेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहावं, आणि वहीत तारीख, ट्रॅक, टायर, पालटलेले रंग आणि चारही कोपऱ्यांतल्या पॅडची उरलेली जाडी लिहून ठेवावी. आत-बाहेरच्या पॅडची जाडी वेगळी निघाली तर कॅलिपर कुठेतरी अडकतोय, तो पुढच्या ट्रॅक डेच्या आधी उघडून घ्यावा.